पाच मिनिटं बावीस सेकंद

एक शिट्टी काही केल्या मनातून जात नाही. २९ मे २०१३, शिकागोचं युनायटेड सेंटर, आइस हॉकीच्या प्लेऑफमधली, म्हणजे बाद फेरीतली, शिकागो ब्लॅकहॉक्स विरुद्ध डेट्रॉईट रेड विंग्ज ही मालिका, आणि तिचा सातवा, निर्णायक सामना. १-१ अशी बरोबरी आणि तिसरं सत्र संपायला १ मिनिट ४७ सेकंद बाकी. शिकागोच्या निक्लस यालमार्सनने फटका मारला, पक, म्हणजे खेळायची ती रबरी चकती, डेट्रॉईटचा गोलकीपर जिमी हॉवर्डला चुकवून जाळीत गेला, वीस हजारांवर माणसं उभी राहिली. आणि रेफरी स्टीफन वॉकम हातांनी सांगत होता की गोल नाही. पक जाळीत जाण्याआधीच त्याने शिट्टी फुंकली होती. खेळाडूंच्या बाकांपाशी डेट्रॉईटचा काइल क्विन्सी आणि शिकागोचा ब्रँडन साड एकमेकांत गुंतले होते, आणि वॉकमने दोघांनाही दोन-दोन मिनिटं बाहेर बसवायचं ठरवलं होतं. त्यात साडचं काय चुकलं हे शिकागोत कुणालाच पटलं नाही. खरं सांगायचं तर डेट्रॉईटमध्येही पटलं नाही. सामना जादा वेळेत गेला. तिथे ३ मिनिटं ३५ सेकंदांनी डेव्ह बोलंडने मधल्या पट्ट्यात गुस्ताव नायक्विस्टला अंगाने उडवलं, पक सुटा झाला, ब्रेंट सीब्रुक तो घेऊन आत शिरला आणि त्याचा फटका निक्लस क्रोनवॉलच्या पायाला चाटून जाळीत गेला. २-१. मालिकेत ३-१ असं पुढे असलेलं डेट्रॉईट बाहेर पडलं.

१:४७ अधिक ३:३५. बेरीज ५ मिनिटं २२ सेकंद.

ही बेरीज पुन्हापुन्हा करावीशी वाटते, कारण त्या रात्री बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की या दोन संघांचं शेजारपण संपत आलंय. १४ मार्चलाच एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या हॉकी लीगच्या, संघमालकांनी नव्या रचनेवर शिक्कामोर्तब केलं होतं. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात, आणि प्रत्येकाच्या पोटात डिव्हिजन नावाचे छोटे गट. पुढच्या मोसमापासून डेट्रॉईट आणि कोलंबस पूर्वेला, विनिपेग पश्चिमेला. पाहुणे निघतात, चपला पायात घालतात आणि तरी उंबऱ्यावर उभं राहून बोलत राहतात, तशी ती ५ मिनिटं २२ सेकंद होती. एका चुकलेल्या शिट्टीने जुन्या शेजाराला तेवढी मुदत दिली. तेव्हा डेट्रॉईटच्या चाहत्यांना ते जीवदान वाटलं होतं. आज त्या सामन्याचं चित्रण पाहताना जिंकण्या-हरण्याची धडधड कमी होते आणि एकच इच्छा उरते, की सीब्रुकने तो फटका आणखी थोडा उशिरा मारायला हवा होता.

बांधाला बांध लागला की भांडण आलंच. हॉकीत तो बांध वेळापत्रक घालतं. डेट्रॉईट आणि शिकागो यांच्यात साडेचारशे किलोमीटरचा सरळ महामार्ग आहे, पण अंतर जवळ आहे म्हणून वैर जुळलं असं मानणं अर्धंच खरं आहे. लीगमध्ये सहाच संघ होते तेव्हा, १९४९ ते १९६७ या काळात, मोसम ७० सामन्यांचा असे आणि प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी १४ वेळा खेळे. त्याच दिवसांत, १५ एप्रिल १९५२ला, मासळीचं दुकान असलेल्या पीट आणि जेरी कुसिमानो या भावांनी डेट्रॉईटच्या तेव्हाच्या रिंकच्या, ऑलिम्पिया स्टेडियमच्या, बर्फावर ऑक्टोपस भिरकावला. आठ पाय म्हणजे स्टॅनली कपसाठी, लीगच्या विजेतेपदासाठी, तेव्हा लागणारे आठ विजय. पुढे संघ वाढले, डिव्हिजन आल्या, आणि २००८-०९पासून डेट्रॉईटचा हिशेब असा झाला: सेंट्रल डिव्हिजनमधल्या शिकागो, सेंट लुईस, नॅशव्हिल आणि कोलंबस या चौघांशी प्रत्येकी ६ म्हणजे २४, पश्चिमेतल्या बाकी दहा संघांशी प्रत्येकी ४ म्हणजे ४०, आणि पूर्वेशी मिळून १८. एकूण ८२. नव्या रचनेत ८२ तेच राहिले, वाटणी बदलली. आपल्या डिव्हिजनमध्ये ३० (दोघांशी ५ वेळा, पाच जणांशी ४ वेळा), पूर्वेच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या आठांशी प्रत्येकी ३ म्हणजे २४, आणि पश्चिमेतल्या चौदा संघांशी प्रत्येकी २ म्हणजे २८. शिकागो त्या शेवटच्या रकान्यात गेलं. चौदाचे सहा व्हायला काही दशकं लागली होती, सहाचे दोन एका बैठकीत झाले.

सहा सामने काय करतात, हे सेंट्रलमध्ये पाच मोसम काढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ऑक्टोबरमध्ये कुणी कोपऱ्यात जरा जास्तच जोराने खांदा घातला, तर त्याची परतफेड डिसेंबरमध्ये होते, आणि डिसेंबरमध्ये राहून गेलं तर फेब्रुवारी आहेच. डेट्रॉईटचा पॅव्हल दात्सुक समोरच्याच्या काठीखालून पक कसा काढून घेतो हे शिकागोच्या जोनाथन टेव्सला पाठ झालेलं असतं, टेव्स त्यावर काय उपाय करतो हे दात्सुकला पाठ झालेलं असतं, आणि मार्चमध्ये दोघंही तिसरंच काहीतरी करून बघतात. खेळाडू बांध ओलांडतात तेही मनाला लागतं, कारण ते नजरेसमोरच असतात. मूळचा शिकागोचा ख्रिस चेलिओस १९९९मध्ये ब्लॅकहॉक्समधून डेट्रॉईटला आला. मारियान होसा कपसाठी डेट्रॉईटला आला, २००९च्या अंतिम मालिकेत हरला, लगेच शिकागोला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने कप उचलला. तो दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेला असता तर त्याची बातमी वाचली असती आणि विसरलो असतो. तो वर्षातून सहा वेळा समोर येत होता. शिकागोच्या प्रेक्षकांची ‘डेट्रॉईट सक्स’ ही आरोळी तर डेट्रॉईट समोर नसतानाही उठायची. तिच्यात शिवी आहेच, पण आपला शेजारी कोण हे त्यांना झोपेतही आठवतं, हेसुद्धा तिच्यात आहे.

दोन सामन्यांत राग पिकत नाही.

तरीही हा बदल डेट्रॉईटने वर्षानुवर्षं मागितला होता, आणि ती मागणी चूक होती असं मला म्हणता येत नाही. विनिपेग येण्याआधीचं वेळापत्रक समोर ठेवून परक्या रिंकवरचे ४१ सामने मोजावेत. अनाहाइम, लॉस एंजेलिस, सॅन होझे, व्हँकुव्हर, फिनिक्स, कॅलगरी, एडमंटन, डेन्व्हर अशा आठ गावी प्रत्येकी दोनदा जावं लागे, म्हणजे १६ सामने दोन किंवा तीन तास मागच्या घड्याळावर. शिकागो, सेंट लुईस आणि नॅशव्हिलला तीन-तीनदा, डॅलस आणि मिनेसोटाला दोन-दोनदा, म्हणजे आणखी १३ सामने एक तास मागे. स्वतःच्या घड्याळावर उरत कोलंबसचे ३ आणि पूर्वेतले ९. बारा! नव्या मांडणीत हाच आकडा २७ झाला, आणि उशिराचे १६ निम्म्यावर येऊन ८ झाले. कॅलिफोर्नियात साडेसातला सुरू होणारा सामना डेट्रॉईटमध्ये साडेदहाला सुरू होतो आणि एक वाजता संपतो. तो संपल्यावर खेळाडूंनी आंघोळ करायची, काठ्या आणि सामान ट्रकमध्ये चढायचं, विमान निघायचं, चारेक तास उडायचं, आणि घड्याळ वाटेत तीन तास पुढे पळायचं. उतरावं तर उजाडलेलं. लांबच्या पश्चिम दौऱ्यानंतर घरच्या रिंकवरचा पहिला सामना अवघड जातो असं प्रशिक्षक सांगतात, ते काही सबब म्हणून नव्हे. पाय जड असतात, पहिल्या सत्रात पकवर पोचायला अर्धा सेकंद उशीर होतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात काठी अडकवून दोन मिनिटांची शिक्षा ओढवून घेतली जाते. त्या २०१३च्या वसंतातच बघा. पहिल्या फेरीत अनाहाइमशी सात सामने झाले. ३० एप्रिल ते १२ मे, तेरा दिवसांत तीन वेळा कॅलिफोर्निया, एकेरी अंतर जवळजवळ ३,२०० किलोमीटर. तिथून थेट शिकागोशी गाठ, १५ मेला.

आणि प्रश्न खेळाडूंपुरताच नव्हता. साडेदहाला सुरू होणारा सामना शाळेतलं मूल बघू शकत नाही. डेट्रॉईटच्या आसपास मोटार कंपन्यांमुळे स्थिरावलेली मराठी घरं बरीच आहेत, ट्रॉयमध्ये, नोव्हायमध्ये, कँटनमध्ये. तिथली मुलं बर्फावर उभं राहायला शिकली की घरात हॉकी येते, आधी मुलांची आणि मग आईवडिलांची. अशा घरात संध्याकाळी सातचा सामना म्हणजे जेवणाची ताटं दिवाणखान्यात येणं. साडेदहाचा सामना म्हणजे सकाळी डबा भरताना विचारलेला ‘काय झालं काल?’ एवढा एक प्रश्न. पुण्यातल्या मावस-चुलत भावंडांचं गणितही बदललं. हिवाळ्यात सातचा सामना भारतात पहाटे साडेपाचला लागतो, कॅलिफोर्नियातला सकाळी नऊला, ऐन ऑफिसच्या वेळी. पहाट परवडते. मुलांना सामने बघता यावेत म्हणून संघ पूर्वेला न्यावा, हे कारण मला कधीच किरकोळ वाटलं नाही.

हे घडलं मात्र डेट्रॉईटच्या मागणीमुळे नाही. २०११च्या उन्हाळ्यात अटलांटाचा संघ विनिपेगला गेला आणि गाडं हललं. पुढचे दोन मोसम विनिपेग जेट्स कॅनडाच्या गवताळ मैदानांच्या मधोमध बसून साउथईस्ट डिव्हिजनमध्ये खेळले, फ्लोरिडाच्या दोन संघांबरोबर, कॅरोलायना आणि वॉशिंग्टनबरोबर. हे चालणं शक्यच नव्हतं. डिसेंबर २०११मध्ये मालकांनी एक वेगळी योजना मंजूर केली होती, चार कॉन्फरन्सेसची. तिची आठवण आता फारशी कुणी काढत नाही, पण शिकागो-डेट्रॉईटच्या दृष्टीने तीच योजना महत्त्वाची होती. तीत डेट्रॉईट, शिकागो, सेंट लुईस, नॅशव्हिल, कोलंबस, मिनेसोटा, डॅलस आणि विनिपेग हे आठ संघ एकत्र राहणार होते. आपसात पाच-सहा वेळा, बाकी बावीस जणांशी दोन-दोन वेळा. बांध शाबूत राहिला असता आणि कॅलिफोर्नियाच्या फेऱ्याही निम्म्या झाल्या असत्या. प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्याही घरातल्या घरात झाल्या असत्या. ६ जानेवारी २०१२ला खेळाडूंच्या संघटनेने संमती नाकारली. दोन कॉन्फरन्समध्ये आठ संघ आणि दोनमध्ये सात, आणि प्रत्येकीतून चारच पुढे, ही विषमता त्यांना मान्य नव्हती, प्रवासाचे आकडेही त्यांना पटले नाहीत. आक्षेप रास्त होता. पण वर्षाने जी रचना त्यांनी स्वीकारली तीत पूर्वेला १६ संघ आणि पश्चिमेला १४, आणि दोन्हीकडून आठच पुढे. विषमता होती तशीच राहिली, फक्त शेजार मोडला. याची हळहळ अजून जात नाही.

मिळालं तेही थोडं नव्हतं. मॉन्ट्रियल, बॉस्टन, टोरांटो, म्हणजे जुन्या सहांतले तिघं एकदम एका डिव्हिजनमध्ये परत आले. न्यूयॉर्क रेंजर्स त्याच कॉन्फरन्समध्ये होतेच. सहा भावंडांतलं एकटं शिकागो पश्चिमेत राहिलं. टोरांटो १९९८पासून पूर्वेला होतं, त्यामुळे पंधरा वर्षं हे दोन संघ एकमेकांना जेमतेम दिसत. डेट्रॉईट नदीपलीकडे विंडसर, कॅनडातलं गाव, आणि त्या जागी नकाशा असा वळतो की कॅनडा डेट्रॉईटच्या दक्षिणेला येतो. विंडसरमध्ये एकाच गल्लीत दोन्ही संघांचे झेंडे असतात. टोरांटोहून माणसं ४०१ क्रमांकाच्या महामार्गाने खाली येतात, पूल ओलांडतात आणि डेट्रॉईटच्या रिंकमध्ये निळ्या जर्सी घालून बसतात. नव्या रचनेच्या पहिल्याच वर्षी, १ जानेवारी २०१४ला, अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये दोघांचा उघड्यावरचा सामना झाला. लॉकआउटमुळे, म्हणजे मालक-खेळाडूंच्या वादात खेळ बंद पडल्यामुळे, तो एक वर्ष पुढे गेला होता. १,०५,४९१ प्रेक्षक, उणे दहाच्या आसपास थंडी, आणि बर्फ पडतच होता. दर थोड्या वेळाने फावडी घेतलेली माणसं रिंकवर यायची आणि ताजा भुसभुशीत बर्फ बाजूला ओढायची, कारण त्यात पक घसरत नाही, रुततो. अशा वेळी आखीव पासिंग सोडून द्यावं लागतं. पक पुढे ढकलायचा आणि मागे धावायचं, एवढीच रीत उरते. पेनल्टी शूटआउटमध्ये टोरांटो ३-२ने जिंकलं. हरूनही त्या दिवशी डेट्रॉईटमध्ये कुणाचं तोंड पडलं नव्हतं. निम्मं स्टेडियम लाल आणि निम्मं निळं, मधे पांढरा पट्टा, आणि दोन्हीकडच्या माणसांच्या तोंडून वाफ.

पण वैर ठरवून लावता येत नाही. टोरांटोशी प्लेऑफमध्ये गाठ पडावी म्हणून सगळे वाट बघत राहिले आणि समोर आलं टँपा. मिशिगनचे निवृत्त लोक हिवाळा फ्लोरिडात काढतात, तिथल्या रिंकमध्ये लाल जर्सी भरपूर दिसतात, हे खरं. तरी टँपाशी भांडायचं कशावरून? कारण सापडलं ते घरातलंच. वीस वर्षं डेट्रॉईटचा कर्णधार राहिलेला स्टीव्ह आयझरमन तेव्हा टँपाचा जनरल मॅनेजर होता. २०१५मध्ये डेट्रॉईट ३-२ असं पुढे असताना टँपाने मालिका फिरवली, सातवा सामना २-०. २०१६मध्ये पाच सामन्यांत कारभार आटोपला. सलग २५ मोसम प्लेऑफ गाठणाऱ्या संघाची ती शेवटची मालिका ठरली. पुढच्या वसंतात ती परंपरा तुटली आणि त्याच एप्रिलमध्ये जो लुईस अरीना या डेट्रॉईटच्या रिंकमधला शेवटचा हॉकी सामनाही झाला. जुनं शेजारपण ज्या घरात घडलं होतं ते घरच राहिलं नाही. आयझरमन २०१९मध्ये परत आला, टँपाचा राग तेवढाही उरला नाही.

परंपरा तुटली याचं खापर पूर्वेवर फोडणारे आहेत. सोळांतून आठ आणि चौदांतून आठ, यात फरक होता हे कुणीही मान्य करील. पण २०२३-२४चं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२४ला डेट्रॉईटने मॉन्ट्रियलमध्ये शेवटच्या तीनेक सेकंदांत बरोबरी साधली, शूटआउट जिंकलं, गुण ९१ झाले. वॉशिंग्टनचेही ९१ झाले, आणि नियमित वेळेत जिंकलेले सामने त्यांचे जास्त असल्याने ते पुढे गेले. त्या वर्षी पश्चिमेत सेंट लुईस ९२ गुणांवर बाहेर राहिलं. म्हणजे जुन्या घरीही ९१ला दार उघडलं नसतं. संघ वयस्क झाला, निक्लस लिडस्ट्रॉम निवृत्त झाला, दात्सुक संघ सोडून गेला, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. नकाशाने यात काही केलं नाही.

एक आक्षेप मी स्वतःच घेते, कारण तो टाळता येत नाही. वैर सामन्यांच्या मोजणीतून येतं म्हणावं, तर कोलोरॅडोचं काय? ते कधी डेट्रॉईटच्या डिव्हिजनमध्ये नव्हतं. तरी १९९६ ते २००२ या काळात त्या दोघांत जे झालं त्यापुढे शिकागोही फिकं पडेल. १९९६च्या २९ मेला, होय, हीच तारीख, कोलोरॅडोच्या क्लॉड लेमियूने डेट्रॉईटच्या क्रिस ड्रेपरला मागून फळीवर आदळलं आणि त्याचा चेहरा मोडला. २६ मार्च १९९७ला जो लुईसमध्ये डेट्रॉईटच्या डॅरेन मकार्टीने त्याचा हिशेब चुकता केला, दोन्ही गोलकीपर मधोमध येऊन भिडले, आणि जादा वेळेतला विजयी गोलही मकार्टीचाच. ६-५. पण हे पिकलं कुठे? सात मोसमांत पाच वेळा प्लेऑफमध्ये समोरासमोर आल्यामुळे, आणि ते शक्य झालं दोघं एकाच कॉन्फरन्समध्ये होते म्हणून. आता डेट्रॉईट कोलोरॅडोला किंवा शिकागोला प्लेऑफमध्ये भेटेल तर फक्त अंतिम मालिकेत. सहाचे दोन झाले त्यापेक्षाही हे नुकसान मोठं आहे, आणि वेळापत्रकाच्या कागदावर ते दिसत नाही. नॅशव्हिलचंही असंच. स्प्रिंग हिलच्या मोटार कारखान्यासाठी मिशिगनहून टेनेसीत गेलेली कुटुंबं तिथल्या रिंकमध्ये लाल जर्सीत येऊन बसायची, वर्षातून तीन संध्याकाळी. त्यांच्या वाट्याला आता एक संध्याकाळ.

मग २०२१ साली काही महिन्यांपुरता जुना बांध परत पडला. कोविडमुळे लीगने तात्पुरती फेररचना केली, ५६ सामन्यांचा मोसम, फक्त डिव्हिजनमधल्या संघांशी, प्रत्येकाशी ८ वेळा. डेट्रॉईट सेंट्रलमध्ये. शिकागो, नॅशव्हिल, कोलंबस परत. आठ वेळा शिकागो, जुन्या दिवसांची आठवण व्हावी असा आकडा! आणि खुर्च्या जवळजवळ सगळा मोसम रिकाम्या. बर्फावर ब्लेड घासल्याचा आवाज, फळीवर पक आदळल्याचा आवाज, बाकावरून ओरडणारे खेळाडू, आणि स्पीकरवरून सोडलेला गर्दीचा कोलाहल. ‘डेट्रॉईट सक्स’ म्हणायला कुणी नव्हतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात शिकागो पुन्हा दोनवर गेलं.

मालिका संपली की दोन्ही संघ बर्फाच्या मधोमध रांगा लावतात आणि एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकतात. २९ मेच्या त्या रात्रीही रांगा लागल्या. होसा डेट्रॉईटच्या रांगेसमोरून गेला. ज्याच्या पायाला लागून पक आत गेला तो क्रोनवॉल होता, कर्णधार हेनरिक झेटरबर्ग होता, ज्याने तिसऱ्या सत्राच्या सव्विसाव्या सेकंदाला बरोबरी साधून दिली होती. शिट्टीबद्दल कुणी काही बोललं असेल तर ते ऐकू येत नाही, गर्दीचा आवाज फार मोठा आहे. पुढच्या मोसमाचा आकडा त्या दोन्ही रांगांतल्या सगळ्यांना माहीत होता. एक सामना इथे, एक तिथे.